‘भाव करायला लाज वाटते’

*प्रिय ताई,*

*मी पहिल्यांदाच नवी मोटरसायकल घेतेय, स्वतःच्या पगारातून. गेल्या शनिवारी दादाला घेऊन शोरूमला गेले. गाडी बघताक्षणी आवडली आणि मी ते तिथेच बोलूनही गेले. सेल्समन बराच वेळ दादाशीच बोलत होता. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘महिन्याला किती हप्ता जमेल?’ मग त्याने कोटेशन दिलं. त्यात गाडीच्या किमतीखाली आणखी सहा ओळी होत्या : हँडलिंग, अ‍ॅक्सेसरी किट, विमा, वाढीव वॉरंटी, रंगावरचं संरक्षक कोटिंग आणि नोंदणी. ‘कंपनीचे रेट फिक्स आहेत, पण आजच बुक केलीत तर काहीतरी बघतो,’ असं म्हणाला. माझी जुनी स्कूटर द्यायची आहे, तिची किंमतही त्याने त्यातच धरली. एकूण आकडा मी ठरवलेल्या रकमेच्या बराच वर गेला. मला भाव करायला लाज वाटते. आवाज चढवणं, खोटं बोलणं जमत नाही. दादा म्हणतो, तू गप्प बस, मी बघतो. पण गाडी माझी आहे. काय करू?*

*– पहिली गाडी घेणारी*

प्रिय मैत्रिणी,

‘पण गाडी माझी आहे’ या वाक्याशी मी थांबले. उत्तराची सुरुवात तिथूनच करते. बोलायचं तूच. दादाला बरोबर जरूर ने, पण त्याच्याकडे एकच काम दे : वही घेऊन बसायचं आणि समोरचा जो आकडा बोलेल तो लिहून घ्यायचा. सेल्समन त्याच्याकडे बघून बोलू लागला, की दादाने वहीत बघावं आणि उत्तर तू द्यावंस. दोन-तीन वेळा असं झालं की माणूस आपोआप तुझ्याकडे वळतो.

आता लाजेबद्दल. मी नऊ वर्षं एका मोटरसायकल शोरूममध्ये बिलिंगच्या टेबलावर काढली. सौदा बाहेर व्हायचा आणि फाईल माझ्यापुढे यायची. एका दुपारी तासाभराच्या अंतराने दोन फायली आल्या. तीच गाडी, तोच रंग, एकाच महिन्यात बनलेली. पहिल्या गृहस्थांनी आतल्या केबिनपर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज करून गाडीच्या किमतीत सूट मिळवली होती आणि ते अगदी खुशीत होते. दुसऱ्या बाईंना मूळ किमतीत काहीच सुटलं नव्हतं. त्या हळू आवाजात एकेका ओळीवर बोट ठेवून ‘हे कशाचे?’ एवढंच विचारत गेल्या होत्या. त्यांच्या बिलातून हँडलिंगची ओळ गेली, किटमधल्या सातापैकी दोनच वस्तू राहिल्या, विमा त्यांनी बाहेरून आणला. गृहस्थांना दिलेली सूट मात्र किट आणि कोटिंगच्या ओळींमधून पूर्ण वसूल झाली होती, वर थोडं जास्तच. दोन्ही बिलं मीच छापली. बाईंचा एकूण आकडा कमी होता आणि त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता.

म्हणून सांगते, तुझ्या स्वभावात काही कमी नाही. तुला फक्त कोणत्या आकड्याबद्दल बोलायचं ते ठरवायला हवं. तो आकडा म्हणजे ऑन-रोड, म्हणजेच गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडेपर्यंत तुझ्या खिशातून जाणारी सगळी रक्कम. गाडीची किंमत, सूट, हप्ता, जुन्या स्कूटरचे पैसे, हे सगळे त्या आकड्याचे तुकडे आहेत. एक तुकडा लहान करून दुसरा मोठा करणं विकणाऱ्याला फार सोपं असतं. एकूण आकडा धरून बसलं की ही सोय संपते.

कोटेशन पुन्हा हातात घे आणि प्रत्येक ओळीपुढे लिही, हे पैसे शेवटी कोणाकडे जाणार? नोंदणी आणि कर सरकारकडे जातात. त्यात डीलरला काही कमी करता येत नाही, तेव्हा तिथे शक्ती घालवू नकोस. फक्त सरकारने जाहीर केलेल्या दराशी तो आकडा ताडून बघ, कारण ‘नोंदणी’ या शब्दाखाली कधीकधी सरकारी फीपेक्षा जास्त रक्कम लिहिलेली असते आणि वरचा भाग शोरूमच्या ‘सेवेचा’ असतो. विमा विमा कंपनीकडे जातो, पण शोरूमला त्यावर कमिशन मिळतं. त्याच संरक्षणाची पॉलिसी बाहेर कितीला मिळते ते दोन ठिकाणी विचार. तुलना करताना गाडीची धरलेली किंमत आणि संरक्षण दोन्हीकडे सारखंच असू दे, नाहीतर स्वस्त पॉलिसी कमी संरक्षणाची निघते. बाहेरचा आकडा कमी असेल तर तोच शोरूमला दाखव. बरेचदा तेही तेवढ्यावर येतात.

उरलेल्या ओळी शोरूमच्या घरातल्या. हँडलिंग म्हणजे गोदामातून गाडी आणणं, खोक्यातून काढणं, बॅटरी जोडणं, आरसे बसवणं, देण्याआधीची तपासणी. काम खरं आहे, पण ते केल्याशिवाय गाडी विकताच येत नाही, आणि अनेकदा ते डीलरच्या नफ्यात आधीच धरलेलं असतं. म्हणून या ओळीवर प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. काही ठिकाणी अशी वसुली नियमातच बसत नाही, तेही चौकशी करून ठेव. कोटिंग तुला नको असेल तर नको म्हण. ‘सगळेच घेतात’ हे कारण पुरेसं नाही. अ‍ॅक्सेसरी किट कधीच अखंड घेऊ नकोस. त्यातली एकेक वस्तू वेगळ्या किमतीसह लिहून माग. क्रॅश गार्ड आणि सीट कव्हर हवंय पण नंबरप्लेटची सजावट आणि टाकीचं स्टिकर नकोय, असं सरळ सांगता येतं. वाढीव वॉरंटीचा निर्णय सौद्याच्या दिवशी घ्यायची गरज नसते. पहिली वॉरंटी संपायच्या आत ती नंतरही घेता येते का, हे विचार. घेता येत असेल तर तो विषय आज बाजूला ठेव.

आता डीलरच्या बाजूने थोडं समजून घे, कारण ते कळलं की त्याला कुठे सवलत देता येते आणि कुठे नाही, हे तुला आधीच दिसेल. शोरूममधल्या गाड्या बहुतेक वेळा कर्जाच्या पैशावर उभ्या असतात. गाडी कंपनीकडून निघाली की त्या कर्जाचं व्याज सुरू होतं. विकली नाही तोवर ती जागा अडवते आणि रोज थोडी महाग पडत जाते. म्हणून कालच आलेल्या गाडीवर त्याला घाई नसते आणि आठ महिने उभ्या असलेल्या गाडीवर असते. त्यातही दर महिन्याला, तिमाहीला अमुक गाड्या विकल्या तर कंपनीकडून वेगळा लाभ अशी टार्गेटं असतात. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस आले आणि टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असल्या, की आमचे मॅनेजर एरवी ज्यावर सही करायचे नाहीत अशा फायलींवर सही करायचे. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. मात्र टार्गेट आधीच पूर्ण झालं असेल तर तोच शेवटचा आठवडा थंड जातो, त्यामुळे तारखेवर आंधळा भरवसा नको. शनिवार-रविवार गर्दी असते, सेल्समनला पुढचं गिऱ्हाईक दिसत असतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलीस तर तो तुझ्याशी नीट बसून बोलेल.

गाडी किती दिवस उभी आहे हे तुला स्वतः बघता येतं. टायरच्या बाजूला अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ३५२४ असेल तर टायर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. नवी गाडी तिच्या टायरांनंतरच जोडली जाते, तेव्हा टायरची तारीख हा पहिला धागा. तारीख ताजी असेल तर गाडीही ताजी. ती वर्षभर मागची असेल तर गाडीच्या निर्मितीचा महिना विचार आणि कागदावर दाखवायला सांग. गाडीच्या चौकटीवर सतरा खुणांचा चॅसिस क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत दहावी खूण मॉडेलचं वर्ष सांगते : आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. इतरत्र कंपन्या आपापली पद्धत वापरतात, म्हणून अक्षरावरून अंदाज बांधण्यापेक्षा कागदच माग.

जुन्या साठ्यातली गाडी वाईट असते असं अजिबात नाही. तिच्यावर खरी सूट मिळते, आणि तू ती आठ-दहा वर्षं चालवणार असशील तर ती घ्यायला माझी ना नाही. पण दोन-तीन गोष्टी लक्षात ठेव. पुढे विकताना खरेदीदार निर्मितीचं वर्ष बघतो, तेव्हा सूट निदान त्या घटीएवढी तरी हवी. बॅटरी बराच काळ न चार्ज होता पडून राहिली तर तिची ताकद कायमची घटते. ती तपासून, गरज पडली तर बदलून द्यायला सांग आणि तसं लिहून घे. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते याचीही खात्री कर.

प्रदूषणाचे नियम बदलतात तेव्हा हा साठ्याचा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, युरोपात १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या नव्या मोटरसायकलींना युरो ५+ लागू झालं. अशा तारखेआधी जुन्या नियमाच्या गाड्या संपवायची घाई असते आणि तेव्हा मिळणारी सूट एरवी मागूनही मिळत नाही. कंपनी एखाद्या मॉडेलचं नवं रूप आणणार असेल, तेव्हाही थोड्या प्रमाणात हेच होतं. तुझ्या गाडीचं नवं रूप जवळ आलंय का, हे बघून ठेव.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगते. तुला आवडलेल्या गाडीला मोठी वेटिंग असेल, तर मूळ किमतीत काही सुटेल ही आशा धरू नकोस. नव्या, जोरात चालणाऱ्या गाडीवर डीलरचा नफा तसाही पातळ असतो, आणि तू नाही घेतलीस तर उद्या दुसरं कोणी घेणार हे त्याला ठाऊक असतं. तिथे तुझं काम एवढंच, की वेटिंगच्या नावाखाली वरचा भार लादला जाऊ द्यायचा नाही. ‘किट घेतलंत तर नंबर आधी लागेल’ असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डीलरकडे चौकशी कर.

आता सेल्समनने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. ‘महिन्याला किती जमेल?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं की बोलणं गाडीच्या किमतीवरून हप्त्यावर सरकतं. हप्ता लहान करणं अगदी सोपं असतं, मुदत वाढवली की झालं. कर्ज १०० धर, व्याज घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच, वर्षाला १२ टक्के. दोन वर्षांत फेडलंस तर दरमहा साधारण ४.७१ आणि एकूण ११३. तीन वर्षांत दरमहा ३.३२, एकूण जवळपास १२०. चार वर्षांत दरमहा २.६३, एकूण १२६ च्या वर. हप्ता निम्म्याच्या जवळ येताना दिसतो आणि व्याज १३ वरून २६ वर जातं. या फरकात कोणतीही सूट सहज विरघळते.

व्याजाचा दर ऐकतानाही एक शब्द विचारायचा : सपाट की घटता? सपाट १० टक्के म्हणजे तीन वर्षं पूर्ण १०० वर व्याज, म्हणजे ३०, एकूण १३०, जरी तू दर महिन्याला मुद्दल फेडत असलीस तरी. घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने तोच दर जवळपास १८ टक्के होतो. दुसरा कोणी घटते १३ टक्के सांगत असेल तर तो ऐकायला महाग आणि खरा स्वस्त आहे. म्हणून शोरूमला जायच्या आधी आपल्या बँकेत जाऊन किती कर्ज, किती दराने मिळतं, प्रक्रिया शुल्क किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लागतो का, हे लिहून आण. मग सेल्समनने हप्ता विचारला की म्हण, ‘पैशांचं मी नंतर बघते, आधी एकूण किती ते ठरवू.’ कर्ज कोणाचं घेणार हे लगेच सांगू नकोस. शोरूमला कर्जावरही कमिशन मिळतं, म्हणून ‘सगळे रोख देते’ म्हटल्याने सूट वाढेलच असं नाही. एकूण आकडा ठरला, की त्यांच्या कर्जाचा दर विचार. बँकेपेक्षा खरंच कमी असेल तर खुशाल घे.

स्कूटरचंही तसंच. नव्या गाडीचा आकडा कागदावर येईपर्यंत तिचं नावच काढू नकोस. सेल्समनने विचारलं तर ‘अजून ठरलं नाही’ म्हण, आणि ते खरंही असेल, कारण आधी तू तिची किंमत बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारणार आहेस. दोन्ही सौदे एकत्र झाले की एक्सचेंजमध्ये ५ वाढवून दाखवतात आणि सूटीतून ६ काढून घेतात. घरी येईपर्यंत आपल्याला ते कळतही नाही. स्कूटर धुऊन, सर्व्हिसची पावती आणि सगळी कागदपत्रं जागेवर ठेवून दाखवलीस तर तिचा भाव सुधारतो. थेट कोणाला विकलीस तर बहुधा सर्वांत जास्त मिळतं. मात्र मालकी बदलल्याची नोंद झाल्याशिवाय चावी सोडू नकोस.

आकड्यांचा मनावर कसा परिणाम होतो ते सांगते, म्हणजे घरी लिहून न्यायचा आग्रह मी का धरतेय ते कळेल. १९७४ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. त्यावर १० किंवा ६५ च येईल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांनी १० पाहिला त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काहीएक संबंध नसताना हे झालं. शोरूममध्ये पहिला आकडा कोटेशनवर छापलेला असतो आणि आपण नकळत त्याच्या आसपासच घुटमळत राहतो. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. आपला आकडा आत शिरायच्या आधी ठरलेला असावा आणि तो ऐकीव नसावा.

तो कसा काढायचा? त्याच कंपनीच्या तीन डीलरांना विचार. मॉडेल, प्रकार आणि रंग तोच सांग, आणि एकच मागणी कर : एकूण ऑन-रोड, प्रत्येक ओळ वेगळी, लेखी. फोनवर ‘तुम्ही या तर खरं, बघू’ म्हणतील. शांतपणे पुन्हा माग. तिघांतले दोघे तरी पाठवतात. तीन कागद शेजारी ठेवलेस की कोणत्या ओळी सगळीकडे सारख्या आहेत आणि कोणत्या फक्त एकाकडेच आहेत, हे आपोआप दिसतं. सारख्या ओळी बहुधा हलत नाहीत, फरकाच्या ओळींतच जागा असते. तुला खोटं बोलणं जमत नाही ना? मग ही पद्धत तुझ्यासाठीच आहे. खरा कागद हातात असलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही. आणि नसलेलं कोटेशन आहे असं सांगणं मला मनापासून आवडत नाही. सेल्समन रोज हेच काम करतो, त्याला ते लगेच कळतं, आणि एकदा कळलं की तुझ्या खऱ्या शब्दालाही वजन उरत नाही.

या तीन कागदांवरून दोन आकडे लिही. एक तू मागणार तो, आणि दुसरा ज्याच्या वर जायचं नाही तो. दुसरा आकडा दादालाही दाखव. आत गेल्यावर तो वाढवायचा मोह झाला तर वहीत तो दिसला पाहिजे.

आता प्रत्यक्ष बोलणं. गाडी आवडल्याचं तू सांगून बसलीस, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. आवडली म्हणून काही बिघडत नाही, ‘हीच हवी, इथूनच हवी’ असं झालं तर बिघडतं. त्याच सेल्समनला फोन करून म्हण, ‘गाडी मला आवडली आहे आणि याच महिन्यात घ्यायची आहे. आणखी दोन ठिकाणी कोटेशन घेतलं आहे. तुमच्या हँडलिंग आणि किटच्या ओळी त्यांच्याकडे नाहीत. एकूण इतक्यात होत असेल तर मी बुधवारी येऊन बुक करते.’ एवढंच. यात घेण्याची तयारी आहे, आकडा आहे, दिवस आहे. विकणाऱ्याला या तिन्ही गोष्टी हव्या असतात. नुसतं ‘काहीतरी कमी करा ना’ म्हटलं की तो टाकीचं कव्हर देतो आणि विषय मिटतो.

आकडा बोलून झाला की थांब. हा थांबण्याचा क्षण तुला जड जाईल, मला माहीत आहे. समोरचा कॅल्क्युलेटर दाबतो, मान हलवतो, आणि आपल्याला वाटतं आपण फारच कमी बोललो. मग आपणच घाईने ‘बरं, थोडे वाढवून घ्या’ म्हणतो. बिलिंगच्या टेबलावरून हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी वाटलं की दहा सेकंद थांबला असता तर हा माणूस जिंकला असता. पाणी पी, कागदाकडे बघ, पण त्याच्या आधी बोलू नकोस. तो ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणाला तर जाऊ दे. सेल्समनला ठरावीक मर्यादेपुढे खरंच अधिकार नसतो. तो परत येऊन अर्ध्यावर आला तर लगेच दुसरं अर्धं देऊन टाकू नकोस. तुझी पुढची पायरी लहान असू दे. आणि रकमेत अगदीच हलत नसेल तर वस्तूत माग : क्रॅश गार्ड, पहिल्या सर्व्हिसची मजुरी, ठरलेल्या तारखेला डिलिव्हरी. या गोष्टी देणं त्याला पैसे सोडण्यापेक्षा सोपं जातं.

हेल्मेट मात्र सौद्यात घेऊ नकोस. फुकट मिळणारं हेल्मेट एकाच मापाचं, हाताला लागेल ते असतं. वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मोटरसायकल अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ते डोक्यावर घट्ट बसलं तर. हेल्मेटऐवजी तेवढी रक्कम कमी करून माग आणि दुकानात जाऊन घालून बघून, पट्टा लावून, मान हलवून मापाचं घे. आपल्या ठरवलेल्या रकमेत हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढून ठेव. पहिल्या गाडीच्या आनंदात नेमकं तेच राहून जातं.

आकडा तुझ्या दुसऱ्या मर्यादेच्या वर राहिला तर उठायचं. रागाने नाही. ‘तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे. माझा आकडा हा आहे, जमलं तर फोन करा.’ नंबर लिहून दे आणि घरी ये. ‘आजच बुक केलीत तर’ असं ऐकलं की आपलं मन घाबरतं, पण बहुतेक वेळा परवाही तोच भाव मिळतो. कंपनीची खरी योजना असेल तर तिची शेवटची तारीख छापील असते, ती बघायला माग. फोन आला नाही, तर तुझा आकडा तिथे बसत नव्हता हे कळलं. मग दुसऱ्या दोन कागदांपैकी एक उचल. तिन्हीकडून नाही आलं, तर आकडा पुन्हा तपास : कदाचित तो फार खाली असेल, कदाचित गाडी तुझ्या रकमेपेक्षा एक पायरी वर असेल. तेव्हा खालचा प्रकार किंवा मागच्या वर्षीचा साठा बघणं शहाणपणाचं आहे. मर्यादा वाढवून कर्ज लांबवणं मला पटत नाही.

आणि शेवटचा थेंबही पिळून काढायचा हट्ट धरू नकोस. तीन कागदांत सर्वांत कमी किंवा त्याच्या जवळपास आलीस की तो चांगला भाव आहे. पहिली सर्व्हिस, वॉरंटीची तक्रार, एखादा सुटा भाग, यासाठी तू बहुधा तिथेच परत जाणार आहेस. थोड्या फरकासाठी दूरच्या डीलरकडे जाण्यापेक्षा जवळचा आणि सरळ बोलणारा मी निवडेन. सर्व्हिसच्या काउंटरवर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना ‘इथे काम कसं करतात?’ असं विचारून बघ. असली माहिती कोटेशनवर नसते.

ठरलं की बुकिंगची रक्कम लहान दे. पावतीवर मॉडेल, रंग, निर्मितीचा महिना, एकूण ऑन-रोड, त्यात काय काय धरलंय, डिलिव्हरीची तारीख, आणि तारीख चुकली तर पैसे परत, हे सगळं लिहून घे. ‘ते आहेच, काळजी करू नका’ असं म्हणतील. हसून म्हण, ‘मग लिहायला काय हरकत आहे?’

डिलिव्हरीला दिवसाउजेडी जा आणि नोंदणीचे कागद पुढे जाण्याआधीच गाडी बघायला माग. चॅसिस आणि इंजिनचे क्रमांक बिलाशी एकेक अक्षर वाचून जुळव. अंतराच्या मीटरवर फक्त चाचणीपुरते किलोमीटर हवेत. टाकी, सायलेन्सर आणि आरशांच्या कडा उजेडात बघ, टायरची तारीख पुन्हा वाच, सेल्फ दोन-तीनदा मारून बघ. काही खटकलं तर नोंदणीआधी गाडी बदलून मागता येते. एकदा तुझ्या नावावर चढली की ओरखडासुद्धा तुझाच होतो.